इस्त्रीचं टेबल आणि भावजींचं ॲप

...आणि वर मलाच विचारतात, ‘वहिनी, इस्त्री कुठंय?’ आता काय बोलायचं सांगा! अहो, इस्त्री कपाटावर आहे, कारण इस्त्रीचं टेबल तुम्ही पळवलंत, त्या टेबलावर तुमचं ऑफिस आहे, आणि त्या टेबलाअभावी मी गेले कित्येक महिने अख्ख्या घराचे कपडे पलंगावर वाकून इस्त्री करतेय, पाठीचा पार खुळखुळा झालाय, पण नाही... मी काही बोलले नाही. मला कोण विचारतंय!

तुम्हाला सांगते, आमचे भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, अगदी चांगलं चाललं होतं हो त्यांचं. विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम, गळ्यात ओळखपत्र, सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचे, याहून माणसाला काय पाहिजे? पण एके दिवशी आले ते ओळखपत्राशिवाय आले. म्हणाले, ‘वहिनी, मी स्टार्टअप काढतोय.’ मी म्हटलं, ‘हातपाय धुवा आधी.’ म्हणाले, ‘बूटस्ट्रॅप्ड स्टार्टअप!’ मी म्हटलं, ‘म्हणजे?’ तर ताठ उभे राहून म्हणतात, ‘म्हणजे कुणाकडून काही घ्यायचं नाही. सगळं स्वतःच्या जोरावर!’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, मागच्या खोलीत माझं टेबल, माझी खुर्ची, माझा टेबल-दिवा, घरचं इंटरनेट, आणि मध्ये स्वतःच्या जोरावर बसलेले भावजी. मला म्हणतात कसे, ‘वहिनी, चहा मिळेल का?’

मी काही बोलले नाही.

आता हे खूळ डोक्यात आलं कुठून, तेही ऐका. आमच्या घराची एक रीत आहे. या घरात कुणालाही काहीही सापडत नाही. माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, सकाळी उठले की पहिला आवाज, ‘सूनबाई, माझा चष्मा?’ मी स्वयंपाकघरातून, मान वर न करता, ‘बेसिनच्या फळीवर.’ सासूबाई, ‘अगं, माझ्या गोळ्या?’ ‘पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात.’ मग आमचे हे. यांचा एकच प्रश्न आणि तोही अर्धा. ‘अगं, ते...’ ‘दाराच्या मागे.’ बास! काय विचारलं तेही मी विचारत नाही, काय सांगितलं तेही हे विचारत नाहीत, आणि वस्तू बरोबर सापडते. इतकी वर्षं झाली लग्नाला, आमचं निम्मं बोलणं एवढंच आहे.

तर नोकरी सोडायच्या आधी एक दिवस भावजी दारात उभे राहून हे सगळं बघत होते. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, ‘वहिनी, हा केवढा मोठा त्रास आहे!’ मला वाटलं, चला, या घरात शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं. हातातला झारा खाली ठेवला मी, इतकं बरं वाटलं. तर म्हणतात, ‘वस्तू सापडत नाहीत म्हणजे लोकांना किती त्रास होतो! यावर ॲप पाहिजे!’

झारा परत उचलला.

ॲपचं नाव काय, तर ‘कुठंय’. करायचं काय, तर वस्तू ठेवली की फोन काढायचा, वस्तूचा फोटो घ्यायचा, कुठे ठेवली ते बोलायचं, की झाली नोंद. मग हवी असेल तेव्हा ॲपला विचारायचं, ‘चष्मा कुठंय?’ आणि ॲप सांगणार, ‘बेसिनच्या फळीवर.’ मी म्हटलं, ‘भावजी, ज्याला चष्मा ठेवताना फोटो काढायचं आठवतं त्याचा चष्मा हरवेल कशाला?’ भावजी म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही टेक्निकल नाही आहात.’ बरं बाबा, नाहीये. मी काही बोलले नाही. मला कोण विचारतंय!

मग भागीदार आला. भावजींचा मित्र, चित्रं-बित्रं काढणारा, घरात सगळे त्याला रंगारी म्हणतात, कारण तो ॲपमधल्या बटणाचा रंग ठरवायला आला आणि रंगच ठरवत राहिला. रोज सकाळी यायचा, खिडकीत पाय दुमडून बसायचा आणि म्हणायचा, ‘हा हिरवा विश्वासाचा नाही वाटत.’ आता विश्वासाचा हिरवा कसा असतो? मी त्याला घरातल्या डब्यांची सगळी हिरवी झाकणं दाखवली, हा आहे का, हा आहे का... तो म्हणाला, ‘वहिनी, या झाकणात जिव्हाळा आहे, पण वेग नाही.’ झाकणात वेग! हे दोघे आत दार लावून बसायचे आणि दारावर पाटी, ‘मीटिंग चालू आहे.’ आत दोनच माणसं, तीही एकाच खोलीत, मीटिंग कसली? बोलताय म्हणा की!

इकडे मामंजींचा पारा चढत होता. मामंजी म्हणजे शब्दाचे पक्के माणूस. आयुष्यभर मापं तपासायच्या खात्यात नोकरी केलेली, दुकानातला काटा केसाएवढा हलला तरी ते हलायचे नाहीत. एक दिवस जेवताना म्हणाले, ‘हे किती दिवस चालणार?’ भावजी म्हणाले, ‘बाबा, सुरुवातीला वेळ लागतो.’ मामंजी म्हणाले, ‘तुझ्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. खुर्ची अजून रिकामी आहे म्हणतात. या महिनाअखेरपर्यंत ठेवतील, मग दुसरा घेतील. तेव्हा ऐक. मला तुझे ते आलेख-बिलेख नकोत. एक माणूस दाखव. एक! ज्याचा आपल्या घराशी काही संबंध नाही, जो तुला ओळखत नाही, मला ओळखत नाही, असा एक अनोळखी माणूस हे ॲप आपणहून वापरताना दाखव, मी जन्मात बोलणार नाही. नाहीतर महिनाअखेरीला माझ्यासमोर साहेबांना फोन लावायचा आणि डबा घेऊन निघायचं.’

भावजी ‘हो’ म्हणाले. पण त्यांचा घास हातातच राहिला. नंतर मी चहा द्यायला गेले तर टेबलावर कपाळ टेकून बसले होते. मला म्हणाले, ‘वहिनी, तिथं परत गेलो ना, तर मी पुन्हा कधी काही करणार नाही. माहितीये मला माझं.’ वाईट वाटलं हो. टेबल माझं असलं तरी कपाळ त्यांचं होतं. मी गादीखालून इस्त्री केलेला शर्ट काढून दिला आणि म्हटलं, ‘येईल कुणीतरी.’

झालं, घरात युद्ध सुरू! आधी चाचणी. चाचणीसाठी माणसं कोण, तर आम्हीच. भावजींनी सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप घातलं, बजावलं, ‘वस्तू ठेवली की नोंद करायची!’ आणि तुम्हाला सांगते, एका माणसाने एक नोंद केली असेल तर शपथ! मामंजी म्हणाले, ‘चष्म्याचा फोटो काढायचा तर फोन दिसायला चष्मा नको का डोळ्यावर?’ सासूबाईंनी आपला फोटो काढला, तोही अर्धा, नुसतं कपाळ. आणि ॲपला काहीही विचारा, त्याचं एकच उत्तर, ‘नोंद सापडली नाही.’ अहो, वस्तू सापडत नाही म्हणून तुझ्याकडे आलो आणि तुझीच नोंद सापडत नाही?

मग भावजींनी एक युक्ती काढली. म्हणाले, ‘वहिनी, प्रश्न-उत्तरांचा प्रवास नीट चालतो की नाही ते मला बघायचंय. मी ॲपमध्ये एक बटण टाकतो, “वहिनीला विचारा.” ते दाबलं की प्रश्न तुमच्या फोनवर येईल, तुम्ही उत्तर टाइप करायचं, ते त्यांना दिसेल. फक्त चाचणीपुरतं हं! तात्पुरतं!’ तात्पुरतं... या घरात मागच्या खोलीतला बल्बसुद्धा तात्पुरता लावलाय, माझ्या लग्नाच्या आधीपासून. पण म्हटलं, ठीक आहे, तोंडाने सांगते ते बोटाने सांगेन. आणि खरंच, माझा फोन वाजायला लागला. टिंग! ‘चष्मा कुठंय?’ ‘टॉयलेटच्या खिडकीत.’ टिंग! ‘अगं ते कुठंय?’ ‘दाराच्या मागे.’ भावजी खूश! रंगाऱ्याला म्हणतात, ‘बघ, ॲपने काय पटकन उत्तर दिलं!’ ॲपने! ॲप तिकडे ओट्याशी कणीक मळत होतं, एका बोटाने.

आणि एक दिवस ॲप बाजारात आलं. म्हणजे फोनमधल्या त्या दुकानात. भावजींनी सगळ्यांना गोळा केलं, बटण दाबलं, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि मग सगळे फोनकडे बघत बसलो. काही होईना. सासूबाई म्हणाल्या, ‘आता काय होतं?’ भावजी म्हणाले, ‘आता लोक येतील.’ सासूबाई उठून दाराची कडी काढून आल्या.

लोक काही आले नाहीत. मग सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवलं, सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये ॲप घ्या आणि पाच तारे देऊन चांगलं लिहा, काय लिहायचं ते मी पाठवते. आणि पाठवलं. आमची माणसं म्हणजे आज्ञाधारक, जसंच्या तसं डकवलं सगळ्यांनी. मावशा, आत्या, चुलत सासरे, सगळ्यांचं एकच, ‘अत्यंत उपयुक्त ॲप. माझं जीवन बदललं. असंच लिहा गं सगळ्यांनी, आणि काकूंना कुणीतरी फोन करून सांगा, त्या मेसेज बघत नाहीत.’ काकूंनीसुद्धा तेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत दुकानवाल्यांनी सगळे अभिप्राय खोटे म्हणून उडवले. भावजींना समज देणारं पत्रही आलं. सासूबाई भडकल्या, ‘खोटे कसे? मी स्वतः लिहिलेत!’

मी काही बोलले नाही.

मग भावजींनी जाहिरातीचे कागद छापले. हातात गठ्ठा आणि डिंक घेऊन रस्तोरस्ती फिरले. दाताच्या डॉक्टरकडे लावला, वाचनालयात लावला, बसथांब्यावर लावला. मग डोकं लढवून गेले किल्ल्या बनवणाऱ्याकडे, कारण किल्ली हरवलेली सगळी माणसं तिथेच येणार! म्हणाले, ‘काका, हा कागद लावू का दुकानात?’ काकांनी कागद वाचला, चष्म्यावरून भावजींकडे बघितलं आणि म्हणाले, ‘लोकांना किल्ल्या सापडायला लागल्या तर मी काय करू? तुझ्याकडे येऊ जेवायला?’ शेवटी समोरच्या दिव्याच्या खांबाला लावला. तोही उलटा लागला. तसाच ठेवला त्यांनी, अंगात त्राणच नव्हतं सुलटा करायचं.

रोज आले की कॉम्प्युटरसमोर बसायचे. पडद्यावर काय दिसायचं, तर लोकांनी केलेल्या नोंदी. आणि नोंदी किती? शून्य. ॲप कुणीकुणी फोनमध्ये घेतलेलं दिसत होतं, पण भावजी म्हणायचे, ‘ती आपलीच माणसं असणार, वहिनी. कुणी वापरत नाहीये. एक नोंद नाही.’ चेहरा बघवत नव्हता. रंगारी तर हळूहळू रंगांवर बोलायचाच बंद झाला, यावरून समजा.

आणि इकडे माझ्या फोनचं काय चाललंय? टिंग! टिंग! टिंग! मला उसंत नाही! मला वाटलं, सासूबाईंनी त्या अख्ख्या गोतावळ्याला ॲप दिलंय, तेच सुटलेत. नाव दिसत नाही, नंबर दिसत नाही, नुसता प्रश्न. ‘टेप कुठंय?’ मी म्हटलं, ‘शेवटचं काय मोजलं?’ ‘खिडकी.’ ‘मग पडद्यामागे बघा.’ टिंग! ‘सापडला!’ पुढचा, ‘लग्नाची अंगठी कुठंय? बायको येईल आता.’ मी म्हटलं, ‘साबणाजवळ बघा, आणि बायकोला खरं सांगा.’ एकाने तर विचारलं, ‘मी खोलीत कशाला आलो होतो?’ मला वाटलं, हे चुलत सासरे. मी म्हटलं, ‘ज्या खोलीतून आलात तिथे परत जा, आठवेल.’ टिंग! ‘आठवलं! धन्यवाद!’ आता चुलत सासरे मला धन्यवाद म्हणतात, तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण कुकरची शिट्टी झाली.

आला महिनाअखेरचा दिवस. जेवणं झाली, कुणी उठेना, खिडकीत बसलेला रंगारीसुद्धा. मामंजी म्हणाले, ‘हं. आहे कुणी?’ भावजींनी मान हलवली, नाही. मामंजींनाही आनंद झाला नव्हता हं, खोटं नाही सांगत, मुलाकडे बघवत नव्हतं त्यांनाही. पण शब्द म्हणजे शब्द. म्हणाले, ‘लाव मग साहेबांना फोन.’ भावजींनी खिसे चाचपले. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, ‘वहिनी, माझा फोन कुठंय?’

माहीत होतं हो मला! टेबलावर, चार्जरला. पण तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून उत्तर निघेना. सांगितलं की हा मुलगा उठणार, फोन लावणार आणि संपलं. घरात नुसती शांतता. आणि त्या शांततेत... टिंग!

माझा फोन. मामंजींच्या पुढ्यातच पडलेला. त्यांनी उचलला, लांब धरला आणि एकेक शब्द सोडवत मोठ्याने वाचायला लागले, ‘ताई, किल्ली सापडली. तुम्ही म्हणालात तशी डब्याच्या झाकणातच होती. क्रेन चालू झाली. सगळे खाली खोळंबले होते, मुकादम शिव्या घालत होता, माझी नोकरी वाचवलीत.’

मामंजींनी वर बघितलं. ‘क्रेन?’

मी म्हटलं, ‘सासूबाईंच्या माहेरचे असतील कुणी.’

सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्यात कुणाला सायकल येत नाही गं, क्रेन कुठली!’

मामंजी म्हणाले, ‘मग हा आहे कोण?’

मी म्हटलं, ‘मला काय माहीत? मी ओळखत नाही.’

‘तू ओळखतोस?’

भावजींनी नाही म्हटलं. मग एकदम झडप घालून फोन घेतला, वर-खाली केलं आणि पांढरे पडले. ‘वहिनी... हे किती प्रश्न आहेत! हे सगळे तुमच्याकडे कसे आले?’ मी म्हटलं, ‘तुमच्या त्या बटणातून. वहिनीला विचारा.’ भावजी म्हणाले, ‘ते मी काढलं नव्हतं?’ आणि रंगाऱ्याकडे वळले. ‘तू काढलं होतंस ना?’ रंगारी खिडकीतून पाय खाली सोडत म्हणाला, ‘मी? मला वाटलं तू काढशील. मी फक्त ते जरा मोठं केलं. आणि केशरी. उठून दिसत नव्हतं.’

म्हणजे बघा! लोक ॲप उघडत होते, नोंद-बिंद कुणी करत नव्हतं, सरळ ते मोठं केशरी बटण दाबत होते. आणि भावजी बिचारे नोंदी मोजत बसलेले!

मामंजींनी फोन परत मागून घेतला. म्हणाले, ‘थांबा, अजून एक ओळ आहे.’ आणि वाचली, ‘ताई, मी खांबावरचा उलटा कागद बघून विचारलं. तुम्ही रोज कितीतरी लोकांचं शोधून देत असाल. तुमचं काही हरवलं असलं तर सांगा, मी शोधतो.’

खरं सांगू? डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. या घरात इतकी वर्षं प्रत्येकाने मला त्याचं कुठंय ते विचारलं, पण माझं काही हरवलंय का, हे विचारायला कुठल्या कोण क्रेनवरच्या माणसाला यावं लागलं. मी उठून ताटं गोळा करायला लागले. उगाच, रिकामी होती म्हणून.

मामंजी मात्र तपासणीच्या खात्यातले. घसा साफ करून म्हणाले, ‘हा आपल्या घरातला नाही. मला ओळखत नाही, तुला ओळखत नाही. आणि कागद बघून आपणहून आला.’ मग फोन पुढ्यात नीट सरळ ठेवला. ‘माप बरोबर आहे. नको लावूस फोन.’ भावजी लहान मुलासारखे रडले हो, मामंजींच्या खांद्यावर डोकं ठेवून! आमचे हेसुद्धा गहिवरले, म्हणाले, ‘अगं, ते...’ मी रुमाल दिला.

तुम्हाला वाटेल, चला, गोड झालं. कसलं गोड! मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्पष्ट सांगितलं, ‘भावजी, आता ते बटण काढा. माझ्या अंगठ्याला सूज आलीय.’ त्यांनी काढलं. गुणी मुलगा आहे. आणि दुपारपासून जे अभिप्राय पडायला लागले, एकेक तारा देऊन! ‘बटण कुठंय?’ ‘आधीच्या बाई कुठंयत?’ ‘ॲप बेकार आहे, त्या बाईच चांगल्या होत्या, परत आणा.’ दुकानवाल्यांनी यातला एकही उडवला नाही, कारण सगळे खरे. भावजी दारात येऊन उभे राहिले. नुसते उभे. मी म्हटलं, ‘घाला परत.’

आता आम्ही भागीदार आहोत. पाटीवर माझं नाव आहे, रंगाऱ्याने काढलंय, वेगवान हिरव्यात. बाहेरची माणसं भेटायला आली की भावजी हात हलवून सांगतात, ‘आमच्या ॲपची खासियत म्हणजे ते आधी तुमचं ऐकून घेतं, मग उलट प्रश्न विचारतं, प्रसंगी ओरडतंसुद्धा!’ लोक म्हणतात, ‘वा, हे तंत्रज्ञान कुठलं?’ तंत्रज्ञान तेव्हा त्यांच्यासाठी चहा गाळत असतं. आणि घरातले? आता हाकसुद्धा मारत नाहीत! मामंजी पुढच्या खोलीत, मी आतल्या खोलीत, मध्ये एक पडदा, आणि टिंग! ‘चष्मा कुठंय?’ परवा भावजी आले, ‘वहिनी, माझा फोन कुठंय?’ मी म्हटलं, ‘ॲपला विचारा.’ म्हणाले, ‘ॲप फोनमध्ये आहे ना.’ गेले, मामंजींचा फोन घेतला, आणि टिंग!

त्या दिवशी मात्र डोकं फिरलं माझं. पलंगावर वाकून इस्त्री करत होते, कंबर धरली, तशीच खाली बसले आणि म्हटलं, बास, आपणही विचारायचं. तो क्रेनवाला म्हणाला होता ना, काही हरवलं तर सांगा? त्याच्याच त्या निरोपाखाली लिहिलं, ‘दादा, माझं इस्त्रीचं टेबल हरवलंय.’

लगेच उत्तर. माझ्याकडूनच शिकला असणार. ‘शेवटचं कुठं पाहिलं होतं, ताई?’

मी लिहिलं, ‘मागच्या खोलीत. दिरांचं ऑफिस आहे त्यावर.’

टिंग! ‘मग ते हरवलेलं नाही, ताई. गेलेलं आहे.’

मी काही बोलले नाही. उठले, मामंजींचा शर्ट पलंगावर पसरला, आणि आत्ता हातात असलेली इस्त्री शोधायला लागले.